गावांच्या नावांतली ‘बी’

डर्बी, व्हिट्बी, ग्रिम्स्बी. इंग्लंडमधली ‘बी’ने संपणारी गावे नकाशावर देशभर सारखी विखुरलेली दिसत नाहीत. यॉर्कशायर आणि लिंकनशायर या दोन परगण्यांत प्रत्येकी दोनशेहून अधिक अशी नावे आहेत. टेम्सच्या दक्षिणेला ती क्वचितच सापडतात. असे का, हे शोधता शोधता मी अभ्यासकांच्या एका जुन्या वादापाशी येऊन पोचलो.

इंग्रजी ग्रामनामांचे शेवट म्हणजे एकावर एक चढलेले थर. मँचेस्टर, विंचेस्टर यांतले ‘चेस्टर’ लॅटिन ‘कास्त्रा’वरून, म्हणजे रोमन छावणीवरून आले. ‘टन’ म्हणजे वाडी आणि ‘हॅम’ म्हणजे वस्ती, हे शब्द अँग्लो-सॅक्सनांचे. त्यांच्यानंतर आलेल्या डॅनिश लोकांच्या भाषेत ‘बी’ म्हणजे गाव आणि ‘थॉर्प’ म्हणजे मोठ्या गावातून फुटलेली वाडी. डर्बीचे आधीचे नाव नॉर्थवर्थी होते, हे दहाव्या शतकातल्या एथेलवर्डने नोंदवून ठेवले आहे.

इतिवृत्तांत हे डॅनिश लोक भेटतात ते फौज म्हणून. ८६५ साली त्यांची मोठी फौज उतरली. ८७६ साली हाफडान या सरदाराने नॉर्थम्ब्रियाची जमीन आपल्या लोकांत वाटली आणि ते नांगर धरू लागले. माणसे किती होती, याबद्दल इतिवृत्त गप्प आहे.

१९६२ साली पीटर सॉयर यांनी मांडले की या फौजा हजारोंच्या नव्हेत, शेकड्यांच्या होत्या. मग मूठभर शिपायांनी एवढ्या गावांना नावे दिली कशी? १९६५ साली केनेथ कॅमेरॉन यांनी मातीच्या आणि खडकांच्या नकाशाशी गावांची नावे ताडून पाहिली. उत्तम जमिनीवर इंग्रजी नावांची गावे होती. ‘बी’ची गावे बहुतेक दुय्यम जमिनीवर. जिंकणारा शिपाई चांगली जमीन बळकावतो. उरलीसुरली जमीन लागवडीखाली आणतो तो फौजेमागून आलेला शेतकरी, असा त्यांचा निष्कर्ष. यावर आक्षेपही आले. मोठ्या जहागिरींचे तुकडे पडताना जुन्याच गावांना नवी नावे मिळाली असतील, असे काहींचे म्हणणे.

नावाचा आजचा शेवट फसवा असू शकतो, हेही खरे. रग्बीचेच पाहा. १०८६च्या ‘डूम्सडे बुक’मध्ये ते ‘रोचेबेरी’ आहे. तिथला मूळ शेवट तटबंदीचा इंग्रजी शब्द ‘बुर्ह’. ‘बी’ त्याच्या जागी मागाहून बसली. म्हणून सर्वांत जुनी नोंद पाहिल्याशिवाय नावाचा अर्थ लावू नये.

तरीही माझा कल कॅमेरॉन यांच्याकडे आहे. नवा मालक गावाचे नाव बदलू शकतो. पण त्या मुलखात शेतांच्या, ओढ्यांच्या आणि पायवाटांच्या नावांतही डॅनिश शब्द मुरले आहेत. ती नावे रोज शेतात राबणाऱ्यांच्या तोंडी रुळतात. यॉर्कशायरमधले हेल्पर्बी हे गाव तर ह्याल्प नावाच्या स्त्रीचे. डॅनिश भाषा केवळ छावणीपुरती नव्हती, घरात आणि बांधावर बोलली जात होती, असेच यावरून दिसते.

गृहनिर्माण संस्थेच्या सभेत आपण ज्या ‘बायलॉज’वरून वाद घालतो, त्या शब्दाचे मूळही याच ‘बी’शी जोडले जाते: गावाने आपल्यापुरता केलेला कायदा.