शुश्रूषेच्या शिक्षणाची पूर्वतयारी

रुग्णाची शुश्रूषा स्त्रीस उपजतच येते, त्यासाठीं निराळें शिक्षण नको, असा समज पूर्वीं सर्वत्र रूढ होता. १८६० सालीं लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या निधींतून परिचारिकांची शाळा निघाली आणि या समजाला जबर हादरा बसला. पहिल्या वर्गांत १५ उमेदवार होत्या. त्यांच्या नोंदपत्रकांत मलमपट्टीच्या कौशल्याबरोबर वक्तशीरपणा, शांत वृत्ति, विश्वासूपणा आणि स्वच्छता यांचीहि नोंद होत असे. अंगीं शिस्त नसेल, तर हातचें कौशल्य व्यर्थ, हें त्या शाळेनें ओळखलें होतें.

आपल्याकडे मात्र तयारीचा प्रश्न याहून बिकट होता. १९०९ सालीं पुण्यांत रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनीं सेवासदनाचें कार्य आरंभिलें व पुढें ससून रुग्णालयांत परिचर्येचें शिक्षण घेण्यास विद्यार्थिनी पाठविल्या. ज्वरमापकाचा पारा वाचावयाचा, औषधाची मात्रा मोजावयाची, रात्रींची हकीकत लिहून सकाळीं डॉक्टरांपुढें ठेवावयाची, तर अक्षरओळख आणि हिशेब दोन्ही हवेत. ज्या बायकांनीं बाळपणीं पाटी हातीं धरली नव्हती, त्यांच्यासाठीं सेवासदनानें प्राथमिक वर्ग चालविले. व्यवसायाची पायरी चढण्यापूर्वीं ही पहिली पायरी बांधावी लागली.

परंतु विद्यार्थिनी सिद्ध झाली, तरी समाज कोठें सिद्ध होता? परक्याच्या देहाला स्पर्श, विटाळाची कल्पना, रात्रपाळी, या साऱ्यांविषयीं घरोघर नाकें मुरडलीं जात. संस्थेच्या एका समारंभांत आलवण नेसलेली एक तरुण विधवा बक्षीस घेण्यास पुढें आली, तेव्हां सज्ज्यांतील विद्यार्थ्यांनीं तिची टर उडविली. समारोपाच्या भाषणांत रमाबाईंनीं त्या सुशिक्षितांची खरपूस कानउघाडणी केली, असें सांगतात.

आज परिचर्येच्या पदवीवर्गांत बारावीपर्यंत विज्ञान शिकलेल्या मुली, आणि मुलगेहि, प्रवेश घेतात. अभ्यासाची तयारी शाळा करून देते. पण इतरांच्या वेदनेपाशीं न कंटाळतां बसणें, सांगितलेलें काम वेळेवर व निमूटपणें पार पाडणें आणि कोणत्याहि सेवेला हलकी न मानणें, हे धडे घरींच गिरवावे लागतात. आपली मुलगी हा मार्ग निवडूं म्हणेल, त्या दिवशीं तिची परीक्षा घेण्यापूर्वीं आईबापांनीं आपल्या मनाची तयारी तपासून पाहावी, एवढीच माझी विनंति आहे.