पाण्यावरील चौकी

शेताला बांध असतो, गांवाला वेस असते, राज्याला नाका असतो. पाण्यावर ओढलेली रेघ मात्र ओढतां ओढतांच पुसली जाते. म्हणून पाण्यावर जो कोणी सत्ता सांगूं लागेल, त्याला ती एकाच रीतीनें सिद्ध करावी लागते. समोरून येणारें तारूं अडवावयाचें आणि त्यावरील माणसांस विचारावयाचें, “तुम्ही कोण? परवाना कोठें आहे?” हा प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणास असावा, तो कोणत्या रीतीनें विचारला जावा, आणि विचारणाऱ्याचें पोट कशावर भरावें, या तीन गोष्टींत आपल्या किनाऱ्याचा गेल्या पांच शतकांचा इतिहास पुष्कळसा सांठविलेला आहे. पहिल्या दोहोंविषयीं भांडणें फार झालीं. तिसरीकडे लक्ष फार थोड्यांनीं दिलें. आणि तीच सर्वांच्या मुळाशीं आहे, असें दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे.

छत्रपति संभाजीनगराहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर शेंद्रा हें गांव आहे. तेथून समुद्र दोनशे मैलांच्या आंतबाहेर. तेथील रहिवाशानें समुद्रावरील परवान्यांचा विचार कां करावा, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, हा मुलूख समुद्रापासून दूर असला तरी त्याच्या हिशेबाबाहेर कधींच नव्हता. ज्या मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी वसविली, आणि जिचेंच पुढें औरंगाबाद झालें, तो निजामशाहीचा कारभारी होता. आणि निजामशाहीचें मोठें बंदर म्हणजे चौल. देशावरचा माल घाट उतरून चौलास जावयाचा आणि तेथून अरबस्तानाकडे. दुसरें असें कीं, आतां समुद्रच जणूं या जिल्ह्याच्या दाराशीं आला आहे. पैठणजवळचें जायकवाडीचें धरण १९७६ सालीं पुरें झालें, शंभरांवर गांवें पाण्याखालीं गेलीं, आणि नाथसागर नांवाचा साडेतीनशें चौरस किलोमीटरांच्या जवळपास पसरणारा जलाशय उभा राहिला. त्या पाण्यावर मासेमारी चालते, पक्षी उतरतात, आणि सुटीच्या दिवशीं हौसेनें होडी काढावी अशी इच्छा मध्यम वर्गांतील तरुणांसहि होते. होडी पाण्यांत गेली कीं, तो जुना प्रश्न तेथेंहि उभा राहतो.

या प्रश्नाला प्रथम कागदाचें रूप दिलें पोर्तुगीजांनीं. सोळाव्या शतकाच्या आरंभीं त्यांनीं असा नियम केला कीं, आपल्याकडून ‘कार्ताझ’ नांवाचा परवाना घेतल्यावांचून हिंदी महासागरांत कोणीहि व्यापारी जहाज हांकारूं नये. त्यावर जहाजाचें व नाखव्याचें नांव, माल, हत्यारें, जावयाचें ठिकाण हें सर्व लिहिलेलें असे, आणि वाटेंत पोर्तुगीज बंदरांत जकात भरावी लागे. निजामशाह, आदिलशाह, इतकेंच काय पण दिल्लीचे बादशहा, हेहि हा कागद घेत. त्यावर मेरी व येशू यांचीं चित्रें असत. म्हणून असा कागद जवळ बाळगून हज यात्रेस जाणें धर्मास संमत आहे कीं नाहीं, असा वाद अकबराच्या दरबारीं निघाला होता. परवाना म्हणजे केवळ जकातीची पावती नव्हे. तो दुसऱ्याच्या सत्तेपुढें वांकविलेली मान आहे, हें त्या काळच्या लोकांस चांगलें कळत होतें.

मान वांकवूनहि अभय मिळे, असें मात्र नव्हे. १६१३ सालीं जहांगिराच्या आईचें ‘रहीमी’ हें जहाज पोर्तुगीजांनीं सुरतेजवळ पकडून नेलें. त्यावर कार्ताझ होता. पैसे भरले होते, कागद बिनचूक होता. तरी जहाज गेलें. बादशहा इतका संतापला कीं, दमणास वेढा पडला. ज्याला झडतीपेक्षां लुटींत अधिक लाभ आहे, त्याच्या हातचा परवाना हा वाऱ्यावरचा कागद होय, एवढा बोध या एका प्रसंगांतून होतो.

पुढें मराठ्यांचें आरमार उभें राहिलें, आणि तोच प्रश्न मराठींत विचारला जाऊं लागला. सरखेल कान्होजी आंग्रे यांचें म्हणणें असें कीं, कोंकणकिनाऱ्यावरून जाणाऱ्या तारवानें आमचें दस्तक घ्यावें. न घेतल्यास आम्ही तें धरूं. इंग्रजांनीं त्यांस ‘चांचे’ म्हटलें, आणि हा शब्द त्यांच्या पुस्तकांतून आपल्याहि पुस्तकांत शिरला. परंतु जें पोर्तुगीज दोनशें वर्षें करीत आले, आणि जें इंग्रज स्वतःचे पास देऊन करूं लागले होते, तेंच या किनाऱ्याच्या धन्यानें केलें असतां तेवढी चांचेगिरी कशी, याचें उत्तर त्यांच्यापाशीं नव्हतें.

१७१२ च्या नोव्हेंबरांत कारवारहून मुंबईस निघालेलें ‘अॅन’ नांवाचें इंग्रजांचें लहान गलबत आंग्र्यांच्या आरमारास सांपडलें. त्याच्या सोबतीस मुंबईचा गव्हर्नर एस्लाबी याची यॉट होती. यॉट म्हणजे आज आपण हौसेची नौका समजतों. तिच्यावर मात्र तोफा होत्या. लढाई झाली, कारवारच्या वखारीचा मुख्य चाऊन मारला गेला, यॉट व गलबत दोन्ही पाडाव झालीं. चाऊनची तरुण विधवा कैदेंत पडली आणि तीस हजार रुपये खंडणी देऊन पुढील वर्षीं सुटली. १७१३ मध्यें तह झाला; पण इंग्रज निशाणाखालीं कोणाचा माल जातो, यावरून तोहि लौकरच मोडला. देशी व्यापाऱ्यांचा माल इंग्रजांच्या बावट्याखालीं बिनदस्तकाचा निसटतो, ही आंग्र्यांची तक्रार होती, आणि ती निराधार नव्हती. बंगाल्यांत याच ‘दस्तक’ शब्दाच्या आड कंपनीच्या नोकरांनीं खासगी व्यापार चालविला, आणि नवाबांशीं तंटा वाढण्याचें तें एक मोठें कारण झालें.

आंग्र्यांचा अधिकार आम्ही मानतों. तथापि त्या विधवेच्या खंडणीकडे डोळेझांक करून चालणार नाहीं. अधिकार खरा असला तरी, धरलेल्या जहाजांवर आरमाराचा खर्च जसजसा अवलंबूं लागतो, तसतसें धरणें हाच धंदा होऊं लागतो. आणि हा धोका ओळखणारा पुरुष त्याच काळीं, मराठ्यांच्याच राज्यांत होता, ही आपल्यास अभिमानाची गोष्ट आहे.

रामचंद्रपंत अमात्य यांनीं १७१५ च्या सुमारास कोल्हापूरच्या संभाजीराजांसाठीं लिहिलेल्या आज्ञापत्रांत आरमाराचें एक प्रकरण आहे. आरमाराचा खर्च मुलुखांतून नेमून द्यावा. बंदरांच्या व जकातीच्या पैदाशीवर तो टाकूं नये, कारण तसें केल्यास सावकारांस उपद्रव होऊन बंदरें बसतील, असें पंत सांगतात. कौल घेतलेल्या सावकारास धक्का लागूं देऊं नये. बिनकौली परक्या मुलुखाचें तारूं आढळल्यास त्याच्या मालास हात न लावितां, धीर देऊन, बंदरीं आणावें. त्यास पाणी, सरपण जें लागेल तें मिळूं द्यावें. थोडकी जकात घेऊन व्यापारास उत्तेजन द्यावें. शत्रूच्या जहाजाची गोष्ट निराळी. झडती हवी, पण तिचा लोभ नको. आणि लोभ जावयाचा तर चौकीदाराची भाकर खजिन्यांतून आली पाहिजे, असा त्याचा इत्यर्थ आहे.

याच्या उलट चित्र १७५६ सालीं दिसलें. तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेण्यास इंग्रज आरमार पेशव्यांच्या मदतीस म्हणून निघालें. निघण्यापूर्वींच मुंबईस अधिकाऱ्यांची सभा भरून, हातीं येणाऱ्या लुटींत कोणास कोणता वांटा, हें ठरून गेलें होतें. फेब्रुवारींत किल्ला पडला. सुमारें दहा लाखांची लूट निघाली, ती इंग्रजांनीं आपसांत वांटून घेतली. पेशवे तसेच राहिले. चांचेगिरीचा बीमोड करावयास निघालेल्यांचा हा हिशेब आहे.

हें जुनें झालें, असें म्हणून कोणी पुस्तक मिटूं नये. १९९३ च्या आरंभीं रायगड जिल्ह्यांत दिघी व शेखाडी येथें समुद्रमार्गें शस्त्रें व स्फोटकें उतरलीं. मार्गांत चौकीदार नव्हते काय? होते, परंतु त्यांनीं पैसे घेऊन माल जाऊं दिला. १२ मार्च रोजीं मुंबईंत त्याचा स्फोट झाला, आणि २००६ सालीं विशेष न्यायालयानें कस्टमच्या व पोलिसांच्या कांहीं अधिकाऱ्यांस दोषी ठरविलें. २००८ च्या नोव्हेंबरांत ‘कुबेर’ ही पोरबंदरची मासेमारी बोट दहशतवाद्यांनीं बळकावली. मुंबईपर्यंत तिला कोणी अडविलें नाहीं. तेव्हांपासून किनाऱ्यावर सागरी पोलिसांच्या चौक्या वाढल्या, कोळ्यांस ओळखपत्रें मिळालीं, बोटींची नोंद कडक झाली. झडतीस जे केवळ जाच म्हणतात त्यांनीं हीं दोन सालें विसरूं नयेत. एकदां चौकीदार विकला गेला, एकदां तो भेटलाच नाहीं. दोन्ही वेळां किंमत शहरानें भरली.

मासेमारीचा कायदाहि या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. महाराष्ट्राच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याप्रमाणें बोट अडवावयाची मत्स्यखात्याच्या अधिकाऱ्यानें, पण दोषाचा निवाडा करावयाचा महसूल खात्यांतील तहसीलदारानें, अशी वांटणी होती. २०२१ च्या दुरुस्तीनें दंड लाखांच्या घरांत नेला, आणि निवाडा लौकर व्हावा म्हणून तोहि मत्स्यखात्याच्याच सहाय्यक आयुक्तांकडे दिला. पर्ससीन जाळ्यांनीं लहान कोळ्यांच्या तोंडचा घांस जातो, म्हणून दंड जबर असणें योग्यच. परंतु धरणारा व न्याय करणारा एकाच घरचा झाला, म्हणजे बाहेरच्यास शंका येते. आणि ही शंका घालविणें हें त्या खात्याचें कर्तव्य आहे.

आतां नाथसागराकडे वळूं. तें पाणी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तेव्हां वनखातें आलें. मासे आहेत, म्हणून मत्स्यखातें आलें. धरण पाटबंधारे खात्याचें, आणि बंदोबस्त पोलिसांचा. यंत्रावर चालणाऱ्या नौकेस २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणें नोंदणी व तपासणीचा दाखला लागतो. हौसेनें होडी काढणाऱ्यास इतक्या ठिकाणीं जाब देणें जड वाटेल. पण त्यानें हें ध्यानीं घ्यावें कीं, त्याचा गेला तर एक रम्य सकाळचा तास जातो. भोयाची होडी तासभर अडकली तर दिवसाचा मासा बाजारीं शिळा होऊन पोंचतो. म्हणून सुशिक्षितानें स्वतःचे कागद हंसतमुखानें दाखवावे, आणि शेजारच्या होडींतील अशिक्षितास कोणत्या कलमाखालीं अडविलें, पावती मिळाली कीं नाहीं, हें विनयानें पण न भितां विचारावें. एक हिरवी नोट पुढें करून सुटका करून घेणें हें सोपें असतें. परंतु ती नोट देणारा पुढच्या होडीची झडतीच विकत घेत असतो, आणि त्या पुढच्या होडींत काय आहे हें त्याला ठाऊक नसतें.

अमात्यांच्या आज्ञेंत तारवास पाणी व सरपण देण्याचा उल्लेख आहे, तो वाचतांना प्रथम क्षुल्लक वाटतो. तो क्षुल्लक नाहीं. पाण्यावर अडविलेला मनुष्य किनाऱ्यावरच्यापेक्षां अधिक असहाय असतो. त्याला पळतां येत नाहीं, साक्षीदार मिळत नाहीं. अशा माणसाला प्रश्न विचारणाऱ्याच्या अंगीं दरारा असावा, पण त्या दराऱ्याचा भार राज्याच्या खजिन्यावर असावा, समोरच्या होडीवर नसावा. तीनशें वर्षांपूर्वीं ही गोष्ट आपल्याच भाषेंत, आपल्याच एका कारभाऱ्यानें स्पष्ट लिहून ठेविली आहे. समुद्रावर असो वा नाथसागरावर असो, ती अंमलांत आणण्यास नवा कायदा लागत नाहीं.