डाकबंगल्याचे दार कोणासाठी उघडे होते?

१/ इंग्लंडच्या खेड्यांत शेकडो वर्षे जुन्या ‘इन’ आजही चालू आहेत. ‘इन’ म्हणजे मुक्काम, जेवण आणि मद्य यांची सोय असलेली सराई. तिथल्या परंपरागत कायद्याचा एक दंडक होता: जागा शिल्लक असेल, प्रवासी दाम मोजत असेल आणि नीट वागत असेल, तर सराईवाल्याला सबळ कारणावाचून त्याला परत पाठवता येत नसे.

२/ गडचिरोलीत अशा वास्तूचा शोध घेऊ लागलो, की बोट इंग्रजकालीन विश्रामगृहांकडे जाते. प्राणहितेकाठच्या सिरोंच्याचे विश्रामगृह हे त्याचे परिचित उदाहरण. रुंद व्हरांडा, उंच छत, समोर नदी किंवा रान. छायाचित्रात दोन्ही वास्तू एकाच कुळातल्या वाटतात. इतिहासात मात्र तसे नाही.

३/ नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि चांदा इंग्रजांकडे गेला. तेव्हा साहेबांचा मुक्काम तंबूत असे. २९ एप्रिल १८५८ रोजी बाबुराव शेडमाके यांच्या बंडातील लोकांनी प्राणहितेकाठच्या चिंचगुंडी येथे तारखात्याच्या तळावर हल्ला केला. गार्टलँड आणि हॉल मारले गेले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला शेडमाके यांना चांद्यात फाशी झाली. या मुलखात येणारा नवा प्रवासी नुसता पाहुणा नव्हता. तो सत्तेचा माणूस होता.

४/ १८६० मध्ये सिरोंचा निजामाकडून इंग्रजांकडे आला. ‘अप्पर गोदावरी’ जिल्हा झाला, तो १८७४ मध्ये मोडला आणि सिरोंचा चांद्यात विलीन झाला. दरम्यान १८६४ मध्ये वनखाते स्थापन झाले. १८७८ च्या कायद्याने राखीव जंगलांवरील सरकारी पकड घट्ट झाली. जंगल मोजायचे, सागवान तोडायचे, तर अधिकाऱ्याला फिरतीवर राहणे भाग होते. म्हणून दिवसभराच्या मजलेवर बंगले उभे राहिले.

५/ बंगल्यात चौकीदार, खानसामा आणि नोंदवही. पाहुणा अचानक उगवे, खानसामा अंगणातली कोंबडी पकडे आणि थोड्याच वेळात ती ताटात येई. अशा कोंबडीला अँग्लो-इंडियन बोलीत ‘सडन डेथ’ म्हणत. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात या शब्दाची नोंद आहे.

६/ विनोद साहेबांचा होता. कोंबडी कोणाची होती? दूध, सरपण, गवत, गाड्या, ओझ्याला माणसे हे सारे भोवतालच्या गावांनी पुरवायचे. मोबदला तुटपुंजा, कधी तोही नाही. वनग्रामांत तर जमीन कसण्याच्या बदल्यात खात्याचे काम करण्याची अटच असे. हीच वेठ कुमाऊँत इतकी असह्य झाली, की जानेवारी १९२१ मध्ये बागेश्वरच्या जत्रेत लोकांनी बेगारीच्या वह्या शरयू नदीत फेकून दिल्या.

७/ आणि दार? फिरतीवरच्या अधिकाऱ्याचा हक्क पहिला. इतरांना परवानगी लागे. ज्या गावाच्या श्रमांवर बंगला चाले, त्या गावकऱ्याला तिथे पाहुणा म्हणून स्थान नव्हते.

८/ मग इथली ‘इन’ कोणती? माझ्या मते, गोटूल. बस्तरचे प्रशासक राहिलेल्या ग्रिगसन यांचा माडियांवरील ग्रंथ १९३८ मध्ये आला. भामरागडच्या माडियांचे शेजारी असलेल्या अबुझमाडच्या डोंगरी माडियांत गोटूल हे अविवाहित तरुणांचे झोपण्याचे घर, तसेच परगावच्या पाहुण्याच्या मुक्कामाची जागा होती. तिथे दाम नव्हता. गावाचे आतिथ्य होते.

९/ धानोरा तालुक्यातील लेखा-मेंढा गावाने गोटूलची परंपरा पुन्हा जागवली, तेव्हा त्यात वापरलेल्या सागवानावर वनखात्याने आक्षेप घेऊन ते मोडले. गावाने ते पुन्हा बांधले. जंगलातल्या लाकडातून सरकारी पाहुण्यांसाठी बंगले उभे करणे नियमात बसत होते. गावाने स्वतःसाठी घर उभे करणे हा गुन्हा ठरत होता.

१०/ याच गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये आपला बांबू विकण्याचा अधिकार प्रत्यक्षात आला.

११/ इंग्रजकालीन विश्रामगृहे जपलीच पाहिजेत. तीही इतिहासाची कागदपत्रे आहेत. पण वारशाच्या यादीत बंगला लिहिताना त्याच्या शेजारी गोटूलही लिहावे. त्याशिवाय या जिल्ह्यातील आतिथ्याचा इतिहास अर्धाच राहील, आणि तो अर्धाही यजमानाचे नाव गाळून लिहिलेला असेल.