मागच्या खाचेची वंशावळ

फिक्स्ड गिअरच्या सरावासाठी फ्रेम बघायला गेलं की विकणारा नळीवर टिचकी मारून आवाज ऐकवतो, वजन सांगतो, रंग दाखवतो. मी फ्रेम उलटी करतो आणि मागचं चाक जिथे बसतं ती खाच बघतो.

आपल्या काळ्या सायकलीची चेन ढिली पडली की मेकॅनिक काय करायचा ते आठवा. दोन्ही नट सैल केले, चाक मागे ओढलं, नट आवळले, झालं. फिक्स्डला नेमकं हेच लागतं. इथे फ्रीव्हील नाही. चाक फिरतं तोवर पायडल फिरतंच, उतारावरसुद्धा. ढील खाऊन घ्यायला गिअर बदलणारा डिरेलरही नाही. चेन ढिली राहून उतरली तर मागचं चाक जागीच जाम होऊ शकतं. म्हणून ॲक्सल पुढेमागे सरकायला हवा. मागचा एक दाता कमी-जास्त केला की तो सुमारे ३ मिलिमीटर सरकतो. सगळा इतिहास या मिलिमीटरांत आहे.

१८८५ साली कॉव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ आणली, तीही फिक्स्डच. तिच्याआधीच्या उंच सायकलीला पायडल थेट पुढच्या चाकालाच असे. चाक जेवढं मोठं तेवढा एका फेरीचा पल्ला. चेन आली तरी इंग्रजांनी माप जुनंच ठेवलं. पुढे ४८ दाते, मागे १८, चाक २७ इंची, तर गिअर ७२ इंच. म्हणजे ७२ इंची चाकावर बसल्यासारखं. एवढं चाक कुणाच्या टांगेखाली मावलं नसतं, पण हिशोब टिकला.

विसाव्या शतकाच्या तोंडावर फ्रीव्हील रूढ झालं. शर्यतवाल्यांनी मात्र सोयीकडे संशयानेच पाहिलं. तूर द फ्रान्स सुरू करणारे आंरी देग्रांज स्वतः १८९३ मध्ये तासाभरात ३५.३२५ किलोमीटर सायकल हाणलेले गडी. त्यांच्या शर्यतीत डिरेलरला १९३७ पर्यंत मज्जाव होता. तोवर घाटाच्या पायथ्याशी स्वार उतरायचे, मागचं चाक काढून उलटं बसवायचे. हबच्या दोन बाजूंना दोन वेगळी दातेरी चाकं. अशा कामाला लांब खाच हवीच.

पण आज आपण जिला सरावाची फिक्स्ड म्हणतो तिचं खरं माहेर इंग्लंड. तिथे रस्त्यावर सगळ्यांनी एकदम सुटायच्या शर्यती पोलिसांच्या धास्तीने सायकलवाल्यांच्या संघटनेनेच बंद केल्या. त्यातून घड्याळाशी शर्यत निघाली. १८९५ मध्ये नॉर्थ रोड क्लबने ५० मैलांची घेतली. भल्या पहाटे, काळ्या कपड्यांत, एकेक मिनिटाच्या अंतराने एकेक जण सुटायचा. स्पर्धक तिथे पोचायचा सायकलनेच, शर्यतीची हलकी चाकं पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना बांधून. तिथे मडगार्ड उतरवायचा, चाकं बदलायचा, शर्यत करून पुन्हा सगळं चढवून घरी. त्याच सायकलीवर एखाद्या संध्याकाळी ट्रॅकवरही. अशा फ्रेमला ‘रोड-पाथ’ म्हणत: ब्रेकसाठी भोक आहे, मडगार्डला डोळे आहेत आणि खाच लांब आहे. हंगामाच्या सुरुवातीला ७२ इंचांच्या मर्यादेतल्या शर्यती असत, म्हणजे जोरापेक्षा पाय भरभर फिरवण्याची परीक्षा. हिवाळ्यात त्याहून हलका गिअर; बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ खायला बिचारी एकटी चेन. आणि याला केवळ सरावाचं साधन समजू नका. १९५६ मध्ये रे बूटी यांनी १०० मैल प्रथमच चार तासांच्या आत कापले ते ८४ इंची फिक्स्डवर.

डिरेलर सर्वत्र आल्यावरही खाच लगेच गेली नाही. ती पुढे उघडणारी झाली, आखूड झाली. ही मला सर्वांत शहाणी खाच वाटते: मडगार्ड असताना चाक पुढे सरकवून खाली काढता येतं. मागे उघडणाऱ्या खाचेत टायर मडगार्डलाच अडतो. ऐंशीच्या दशकात उभी खाच आली. चाक दर वेळी अचूक जागी बसू लागलं, आणि चेन ताणायची सोय संपली.

पुढे मोठ्या शहरांतल्या कुरियरवाल्यांमुळे फिक्स्डची फॅशन आली, तेव्हा तरुणांनी आजोबा चुकीचा निवडला. रोड-पाथऐवजी निव्वळ ट्रॅकची फ्रेम रस्त्यावर आणली. तिचं पायडलकडचं बूड उंच असतं, हे चांगलंच. वळणावर पायडल थांबवता येत नाही, ते रस्त्याला घासता कामा नये. पण कोन उभे, पुढचं चाक जवळ, सावकाश वळताना बूट त्याला लागतो. मडगार्डला जागा नाही, कित्येकदा ब्रेकला भोकही नाही. ब्रिटनच्या कायद्यात फिक्स्ड चाक हा मागचा ब्रेक धरतात, पण पुढचा वेगळा लागतोच.

म्हणून माझं मत पुढे उघडणाऱ्या खाचेच्या, सत्तरच्या दशकातल्या पोलादी रोड फ्रेमला. ती २७ इंची चाकांची असेल तर ७०० सी चाक घातल्यावर रिम ४ मिलिमीटर आत जाते, मडगार्डला ऐसपैस जागा होते; ब्रेकचे हात तेवढे लांब पोचतात ना, हे पाहावं. बूड थोडं खाली असतं, तिथे आखूड, १६५ मिलिमीटरचे क्रँक लावावेत. १२० मिलिमीटरचा ट्रॅक हब वॉशर घालून बसतो.

उभ्या खाचेची फ्रेम गळ्यात पडलीच, तर व्हाइट इंडस्ट्रीज या अमेरिकी कंपनीचा हब आहे. त्याचा ॲक्सल मध्यभागी नसून एका बाजूला असतो. तो ॲक्सल फिरवला की हब पुढेमागे सरकतो आणि चेन ताणली जाते. फ्रेमवरून पुसलेली खाच तिथे हबच्या पोटात जाऊन बसली आहे.

जुन्या फ्रेमच्या खाचेत नटाने चावलेले व्रण दिसतात. ते पुढे सरकलेले असतील तर आधीचा मालक मागे मोठं दातेरी चाक लावत असावा. माझ्या फ्रेमवर ते दोन जागी आहेत, साधारण ६ मिलिमीटरच्या अंतराने.