नांगर नाही, चिखल नाही, लावणी नाही: नेरळचं ‘एसआरटी’ भात तंत्र नेमकं काय आहे?

अँटॉप हिलहून निघायचं, जीटीबी नगरला हार्बर लोकल पकडायची, कुर्ल्याला कर्जत गाडीत बसायचं आणि नेरळला उतरायचं. पावसाळ्यात इथे सगळीकडे भाताची खाचरं दिसतात. पण काही शेतांत भात आहे, चिखल मात्र नाही.

ही पद्धत शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी नेरळजवळच्या त्यांच्या सगुणा बागेत २०११ च्या सुमारास विकसित केली. म्हणून नाव ‘सगुणा राईस टेक्निक’, थोडक्यात एसआरटी.

कोकणात भात म्हणजे आधी राब भाजायचा, मग नांगरणी, चिखलणी आणि दिवसभर कंबरेत वाकून लावणी. यात अडचण फक्त कष्टांची नाही. पाणी साचलं की मातीतली हवा संपते. हवेशिवाय जगणारे सूक्ष्मजीव मग मिथेन तयार करतात आणि तो भाताच्या रोपातूनच वर येतो. १०० वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा २५ पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. माणसामुळे होणाऱ्या मिथेनपैकी साधारण ८ ते १० टक्के भातशेतीतून येतो. आपल्या ताटातला भातही त्यात आलाच!

एसआरटीत गादीवाफे एकदाच करायचे. त्यावर लोखंडी साचा दाबून सारख्या अंतरावर भोकं पाडायची आणि थेट बी टोकायचं. कापणीनंतर मुळं उपटायची नाहीत, हा सगळ्यात महत्त्वाचा नियम. ती जागच्या जागी कुजतात, मातीला सेंद्रिय कर्ब मिळतो, बारीक पोकळ्या तयार होतात, पाणी मुरतं आणि गांडुळं वाढतात. नांगर फिरवला तर ही सगळी घरं मोडतात. त्याच वाफ्यांवर हिवाळ्यात वाल किंवा हरभराही घेता येतो. राब भाजायचा नसल्यामुळे धूर नाही आणि त्यासाठी फांद्या तोडणंही नाही.

मग मेख कुठे आहे? तणात. साचलेलं पाणी तण दाबून ठेवतं. ते नसलं की तण जोरात येतं. एसआरटीत त्यासाठी तणनाशक फवारतात. त्यामुळे सोशल मीडियावर कुणी याला ‘सेंद्रिय शेती’ म्हणत असेल, तर ते चूक आहे. शिवाय वाफ्यांमध्ये पाणी तुंबून राहिलं, तर मिथेनचा फायदाही घटतो.

शेतकऱ्याला मात्र मिथेनपेक्षा मजुरांची चिंता जास्त आहे. लावणीला माणसं मिळत नाहीत आणि नेमकी लावणीच इथे वगळली आहे. टोकणी बघायची असेल, तर जूनमध्ये पावसाच्या तोंडावर नेरळ गाठा.