बिरसीची धावपट्टी : युद्धतळाचे उत्तरायुष्य

युद्ध संपले की सैन्य निघून जाते. बांधकाम मागे राहते. त्याचे पुढे काय होणार, हे दोन गोष्टींवर ठरते : त्याला दुसरा उपयोग किती सहज सापडतो, आणि त्या उपयोगाची गरज असलेले लोक जवळ आहेत का.

१) बराकी : बराक म्हणजे भिंती आणि छप्पर, त्यामुळे ती कोणालाही चालते. ब्रिटिश फौजेने एप्रिल १९४५ मध्ये जर्मनीतील बेर्गन-बेल्झन छळछावणी मुक्त केली आणि जिवंत राहिलेल्या कैद्यांना शेजारच्या जर्मन लष्करी बराकींत हलवले. तेथे १९५० पर्यंत विस्थापितांची वस्ती होती. त्यानंतर तोच परिसर होने या नावाने २०१५ पर्यंत ब्रिटिश लष्करी तळ राहिला. कल्याणजवळच्या ब्रिटिश छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले.

२) धावपट्टी : गोंदियाजवळ बिरसी येथे ब्रिटिशांनी १९४० मध्ये विमानतळ बांधला. गोंदिया तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडातील भंडारा जिल्ह्यात होते. धावपट्टीत संसार थाटता येत नाही. तिला विमानच लागते. स्वातंत्र्यानंतर तिचे मालक बदलले, उपयोग मात्र लवकर सापडला नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाकडून ती १९९८ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे आणि २००५ च्या अखेरीस भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे गेली.

३) उपयोगाचा क्रम : आधी येथे वैमानिक प्रशिक्षण संस्था आली, नियमित प्रवासी सेवा मार्च २०२२ मध्ये सुरू झाली. ती टिकली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या कंपनीची विमाने येऊ लागली. हा क्रम योगायोगाचा नाही. युद्धतळाला तिकीट काढणारा प्रवासी लागत नाही, प्रशिक्षणालाही लागत नाही. दोघांना हवी असते मोकळी हवाई हद्द आणि कमी वर्दळ. विमान कंपनीचे गणित उलटे असते : तिला रोज भरणारी आसने हवीत.

निष्कर्ष : बराकीचा वारस गरजेतून लगेच मिळतो, धावपट्टीचा वारस घडवावा लागतो. म्हणून बिरसीचे यश केवळ प्रवासीसंख्येने मोजणे अपुरे आहे. तेथे तयार होणारे वैमानिक हाही त्या जुन्या तळाचा पुरता नागरी उपयोगच होय.