आतकूरचा शिलालेख आणि कुत्र्याची पूजा

दख्खनच्या पठारावर देवळांच्या आवारात किंवा गावाच्या वेशीजवळ जे कोरीव उभे दगड आढळतात, त्यांना मराठीत वीरगळ म्हणतात. गाईगुरे सोडवताना, गाव राखताना किंवा धन्याच्या बाजूने लढताना पडलेल्या पुरुषाचे ते स्मारक असते. त्याच्या तळच्या पट्टीत बहुधा लढाई, मधल्या पट्टीत वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य कोरलेले असतात. चंद्रसूर्य असेपर्यंत ही स्मृती राहावी, असा त्यांचा अर्थ. ही प्रथा माणसांपुरती मर्यादित नव्हती, आणि याचा सर्वांत बोलका पुरावा कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यातल्या आतकूर या गावी मिळाला.

आतकूरचा शिलालेख जुन्या कन्नड भाषेत असून त्यात शके ८७२ हे वर्ष दिले आहे. त्याआधी थोड्याच काळापूर्वी, इ. स. ९४९ च्या सुमारास, मान्यखेटहून राज्य करणारा आणि आजच्या महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर सत्ता असलेला राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण आणि चोळ युवराज राजादित्य यांची तक्कोलम येथे लढाई झाली होती. तीत राजादित्य मारला गेला, आणि हा पराक्रम कृष्णाचा मेहुणा व मांडलिक, गंग राजा दुसरा बूतुग, याच्या नावे नोंदला गेला. बूतुगाच्या पदरी मणलेर नावाचा योद्धा होता. त्याच्या शौर्यावर संतुष्ट होऊन राजाने ‘हवे ते माग’ म्हटले, तेव्हा मणलेराने काळी नावाचा शिकारी कुत्रा मागितला. मोठ्या विजयानंतर राजा प्रसन्न असताना गावे, मानमरातब किंवा सोने मागण्याची संधी समोर होती, आणि तरीही त्याने कुत्रा मागावा, या एका मागणीत त्या मनुष्याचे त्या प्राण्यावरचे प्रेम जितके स्पष्ट होते, तितके दीर्घ प्रशस्तीतूनही झाले नसते.

पुढे बेळतूर गावाच्या पश्चिमेकडील टेकडीवर काळीला एका मोठ्या रानडुकरावर सोडण्यात आले, आणि दोघेही एकमेकांशी झुंजत मेले. मणलेराने आतकूरच्या चल्लेश्वर मंदिरासमोर काळीचा दगड उभारला. दगडावर कुत्रा व डुक्कर यांची झुंज कोरलेली आहे. ज्या लेखात साम्राज्यांच्या लढाईची हकीकत आहे त्याच लेखात, तितक्याच गांभीर्याने, कुत्र्याच्या मृत्यूची नोंद व्हावी, हे त्या काळच्या मनाविषयी बरेच काही सांगते. वीराला जो मान मिळे तोच मान कुत्र्याला देताना लिहविणाऱ्याला कसलाही संकोच वाटला नाही.

तथापि या लेखाचे खरे महत्त्व दगडात नसून त्याच्यामागे लावून दिलेल्या व्यवस्थेत आहे. गावच्या मोठ्या तळ्याखालची दोन कंडुग जमीन या स्मारकासाठी तोडून देण्यात आली. कंडुग हे खंडीसारखे धान्याचे माप असून, जमिनीचे क्षेत्र तीत पेरल्या जाणाऱ्या बियाण्यावरून मोजण्याची रीत दक्षिणेत रूढ होती. तळ्याखालची जमीन म्हणजे पाण्याची हमी असलेली भातजमीन, अर्थात गावातली उत्तम जमीन. ती सांभाळणाऱ्या गोरवाने, म्हणजे शैव पुजाऱ्याने, दगडाची पूजा केल्याशिवाय जेवू नये, जेवल्यास कुत्र्याचे पाप त्याला लागेल, आणि जमीन बुडवणाऱ्यालाही तेच पाप लागेल, असे लेखात बजावले आहे. दानलेखाच्या शेवटी शापवचन घालण्याची ही रीत महाराष्ट्राला परकी नाही. शिलाहारकालीन गधेगाळांवर, म्हणजे दानाच्या शापशिळांवर, हाच धाक चित्ररूपाने कोरलेला दिसतो. धन्याचे दुःख त्याच्या आयुष्याबरोबर संपणार हे मणलेराने ओळखले होते, असे मानावे लागते. म्हणून त्याने कुत्र्याची आठवण पुजाऱ्याच्या रोजच्या जेवणाशी आणि शेताच्या पिकाशी बांधली.

इतरत्र कुत्र्यांची आठवण वेगळ्या रीतीने जपली गेली. रोमन लोक लाडक्या कुत्र्यांसाठी पद्यबद्ध मृत्युलेख कोरवीत; पिल्लांना जन्म देताना मेलेल्या मार्गारिटा या गॉल प्रांतातल्या शिकारी कुत्रीची संगमरवरी पाटी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. एकोणिसाव्या शतकात, शहरी घरांत कुत्रा कुटुंबाचा घटक झाल्यावर, लंडनच्या हाइड पार्कमध्ये १८८१ पासून आणि पॅरिसजवळच्या आनिएर येथे १८९९ पासून प्राण्यांची स्वतंत्र दफनभूमी सुरू झाली. तेथे आठवण जपण्याचा भार घरच्यांवरच राहिला. आतकूरला तो देवळाने व गावाने उचलला होता.

मराठी मुलखात या परंपरेच्या जवळचे उदाहरण साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांचे आहे. वाघाच्या शिकारीत आपला जीव वाचवणाऱ्या कुत्र्याला महाराजांनी जहागिरीची सनद व पालखीचा मान दिल्याची हकीकत ग्रँट डफ यांनी १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवली आहे. साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर, माहुली येथे, शाहू महाराजांच्या समाधीच्या परिसरात त्या कुत्र्याचीही समाधी दाखवली जाते. मणलेराने कुत्र्याच्या नावे जमीन लावली ती त्याच्या मृत्यूनंतर; शाहू महाराजांनी ती कुत्रा जिवंत असतानाच लावून दिली.